गुहागर-दाभोळ-दापोलीचे डॉल्फिन: सातारा-सांगलीहून जाणाऱ्यांसाठी सविस्तर माहिती

कोयनेचं सगळंच पाणी कृष्णेला मिळून सांगलीकडे येत नाही. बरंचसं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात शिरतं, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात टर्बाइन फिरवतं आणि पश्चिमेला वाशिष्ठी नदीत उतरतं. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने या वळवणीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घालून दिली आहे. वाशिष्ठी चिपळूणवरून पुढे जाते, तिची खाडी होते आणि ती दाभोळपाशी समुद्राला मिळते. त्या मुखाशी आणि तिथून उत्तरेला हर्णैपर्यंतच्या किनाऱ्यालगत डॉल्फिन दिसतात. पाटण-कऱ्हाडच्या माणसाला डॉल्फिन बघायला गोवा गाठायची गरज नाही, आपल्याच धरणाच्या पाण्यामागोमाग घाट उतरला की झालं.

बहुतेक जण जातात मात्र चुकीच्या वेळी. दुपारी जेवून चार वाजता बोटीत बसायचं, तासभर लाटा बघायच्या आणि ‘डॉल्फिनबिल्फिन काही नसतं’ म्हणून परतायचं, हे दर सुट्टीत घडतं. डॉल्फिन दिसण्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. पण महिना, तिथी, तास आणि बोट हाकण्याची पद्धत या चार गोष्टी जमवल्या, तर शक्यता कितीतरी वाढते.

देवमासा दिसेल का?

नाही, असंच धरून निघावं. देवमाशांना खोल पाणी लागतं आणि आपल्या किनाऱ्यापुढे उथळ समुद्रतळ फार दूरपर्यंत पसरलेला आहे. २०१५ मध्ये सिंधुदुर्गाच्या समुद्रात संशोधकांना निळे देवमासे दिसले होते, पण ती सर्वेक्षणाची नोंद होती. पर्यटकांच्या तासाभराच्या फेरीशी तिची तुलना होत नाही. कुणी बोटवाला देवमासा दाखवतो म्हणाला, तर दुसरी बोट बघा. देवमासेच बघायचे असतील तर श्रीलंकेच्या दक्षिण टोकाचं मिरिसा हे गाव गाठावं. तिथे खोल समुद्र किनाऱ्याच्या अगदी जवळ येतो आणि डिसेंबर ते एप्रिलमध्ये निळा देवमासा दिसण्याची चांगली शक्यता असते.

आपल्याकडे किनाऱ्याजवळ दिसतो तो मुख्यतः कुबड असलेला डॉल्फिन. त्याला उथळ पाणी आणि खाड्यांची मुखंच आवडतात. पूर्ण वाढलेला प्राणी अडीच मीटरच्या आसपास, रंगाने राखाडी. पाठीवर लांबट उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटा पर, ही त्याची खूण. तो सर्कशीतल्यासारखा उंच उड्या मारत नाही. आधी चोच, मग कुबड पाण्यावर येतं आणि पाठ गोल फिरून खाली जाते, सगळं दोन-तीन सेकंदांत. पिल्लं रंगाने फिकट असतात आणि आईच्या कुशीला चिकटून पोहतात. याच पाण्यात डॉल्फिनची नातेवाईक, पाठीवर पर नसलेली पॉरपॉइजही असते. तिची नुसती गुळगुळीत काळपट पाठ क्षणभर दिसते आणि ती बोटीपासून लांबच राहते. ती ओळखता आली तर दिवस सार्थकी लागला म्हणायचं.

महिना आणि तिथी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सगळ्यात चांगले महिने. मार्चमध्येही जमतं, पण दुपारचं ऊन सोसत नाही. मे संपत आला की वारा फिरतो आणि समुद्र खवळायला लागतो. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत पर्यटक बोटी बंद असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते. या काळात कुणी ‘थोडं आत नेऊन आणतो’ म्हणालं तरी बसू नका. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तो याच हंगामबदलाचा काळ होता.

महिना ठरला की भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी बघा. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्या आणि त्याला पाऊणने गुणा. येईल तो पूर्ण भरतीचा तास, दिवसाही आणि रात्रीही. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्येलाही पंधरा धरून सव्वाअकराच. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. निघण्याआधी मोबाइलवर त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक ताडून घ्या.

भरतीच्या पाण्याबरोबर मासळी खाडीत शिरते आणि तिच्या मागावर डॉल्फिन मुखाशी येतात. म्हणून सकाळी सात ते नऊ या वेळेत पाणी चढतं असलेलं चांगलं. हिशेब मांडला तर एकादशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या, आणि त्यानंतरची प्रतिपदा, या तिथी येतात. मात्र पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, प्रवाहाला ओढ असते, खाडीच्या मुखाशी बोट जास्त हलते. बरोबर वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील तर अष्टमी-नवमी निवडा. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढतही नाही आणि उतरतही नाही. थोडी शक्यता कमी झाली तरी चालेल, माणसं हिरवीपिवळी होऊन परतायला नकोत.

तास मात्र एकच: सकाळ. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि पहाटे तो पडला की पाणी तेल ओतल्यासारखं सपाट असतं. काळा पर लांबूनही उठून दिसतो. अकराच्या सुमारास समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, लाटांवर पांढरा फेस येतो आणि त्या फेसात पर शोधणं जवळपास अशक्य होतं. शिवाय आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी ऊन पाठीशी असतं, संध्याकाळी ते थेट डोळ्यांत येतं.

रस्ता

साताऱ्याहून महामार्गाने उंब्रज, तिथून मल्हारपेठवरून पाटण. कऱ्हाडला जायची गरज नाही. सांगली-मिरजेहून पेठ नाक्यावरून कऱ्हाड गाठा आणि पाटणचा रस्ता धरा. जत, विटा, कडेगावकडच्यांना गुहागर-विजापूर रस्ताच थेट कऱ्हाडमार्गे नेतो. हा मार्ग नवा नाही. दाभोळ हे आदिलशाहीतलं मोठं बंदर होतं आणि घाटमाथ्यावरचा माल याच अंगाने खाली उतरायचा. दाभोळमध्ये त्या काळातली दगडी मशीद अजून उभी आहे, फेरीबोटीतून उतरल्यावर पाच मिनिटं काढून बघावी.

कऱ्हाड ते चिपळूण शंभरेक किलोमीटर, पुढे गुहागर आणखी पंचेचाळीसच्या आसपास. कोयनानगर-हेळवाक ओलांडलं की कुंभार्ली घाट. या घाटात अवजड ट्रक भरपूर असतात. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात आणि शेवटच्या वळणांवर नीट लागत नाहीत. हिवाळ्यात पहाटे धुकं असतं, त्यामुळे घाट उजाडल्यावरच उतरा. घाटात मोबाइलला रेंज सगळीकडे नसते, म्हणून मुक्कामाच्या घरी ‘निघालो’ हा फोन पाटणमध्येच करून ठेवा. डिझेल-पेट्रोल कऱ्हाडला किंवा चिपळूणला भरून घ्या.

ज्यांना घाट लागतो त्यांनी निघण्याच्या एक-दोन तास आधी अ‍ॅव्होमिनसारखी गोळी घ्यावी. तिने झोप येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये. लहान मुलांचं आणि इतर औषधं चालू असणाऱ्यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. तीच गोळी बोटीच्या दिवशीही कामाला येते.

तीन दिवसांची आखणी

दोन मुक्काम हवेतच. एका दिवसात जाऊन-येऊन करणाऱ्याला सकाळची वेळ सापडत नाही आणि सगळा खेळ तिचाच आहे.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला कऱ्हाड सोडलं तर चहा-नाश्ता धरून अकराच्या सुमारास गुहागर येतं. त्या दिवशी उधाण असेल तर आधी हेदवीला जा. तिथल्या बामणघळीत पूर्ण भरतीचं पाणी कातळातल्या अरुंद भेगेत घुसतं आणि उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती चीर दिसेल. कातळ शेवाळाने निसरडा असतो, सात-आठ लाटा शांत जातात आणि नववी अंगावर येते, म्हणून कोरडा कातळ जिथे सुरू होतो त्याच्या मागेच उभे राहा. संध्याकाळ गुहागरच्या सुरूच्या बनात आणि किनाऱ्यावर काढा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच अंजनवेल. टाळकेश्वराच्या मंदिराजवळ दीपगृह आहे आणि तिथल्या उंचीवरून दाभोळ खाडीचं मुख आणि बाहेरचा समुद्र दोन्ही नजरेत येतात. फुकट, बोटीविना आणि प्राण्यांना कसलाही त्रास न देता डॉल्फिन बघायची यापेक्षा चांगली जागा या पट्ट्यात नाही. तरी बहुतेक पर्यटक तिथे डॉल्फिन शोधत नाहीत, फोटो काढून दहा मिनिटांत निघतात. किमान दीड तास द्या.

बघायची एक पद्धत आहे. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी शोधा. कुरव आणि सुरय एका जागी घिरट्या घालत पाण्यात सूर मारत असतील तर खाली मासळीचा थवा आहे आणि तिथेच डॉल्फिन येण्याची शक्यता जास्त. मग समुद्राचे डावीकडून उजवीकडे पट्टे पाडा आणि दुर्बीण हळूहळू फिरवा, प्रत्येक पट्ट्यावर मिनिटभर थांबा. डॉल्फिन श्वास घेऊन खाली गेला की पुन्हा वर यायला कधी अर्धं-एक मिनिट, कधी तीन-चार मिनिटं लागतात. भराभर दुर्बीण फिरवणाऱ्याला तो नेमका पाण्याखाली असतानाच तो पट्टा दिसतो. एकदा पाठ दिसली की तिथेच नजर ठेवू नका. तो ज्या दिशेला जात होता त्या दिशेला थोडं पुढे बघा.

जमिनीवरून १० बाय ४२ (म्हणजे दहा पटीची) दुर्बीण चालते. बोटीत मात्र ७ किंवा ८ पटीचीच घ्या. त्यापेक्षा जास्त पटीत हाताचं आणि बोटीचं हलणं इतकं वाढतं की काहीच स्थिर दिसत नाही.

नऊ-साडेनऊला धोपाव्याला या आणि गाडीसकट फेरीबोटीतून दाभोळला उतरा. पलीकडे जायला काही मिनिटंच लागतात. फेरीबोट नसेल तर चिपळूण-खेडचा मोठा वळसा पडतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी लवकर रांगेत लागा. बोटीतही गाडीत बसून राहू नका, समुद्राच्या बाजूच्या कठड्याला उभे राहा. पुढे कोळथरे, बुरोंडी, लाडघर, कर्दे, मुरुड असा किनाऱ्याचा रस्ता. मुक्काम कर्दे किंवा मुरुडला करा, कारण तिसऱ्या दिवशीची बोट तिथूनच आहे. घरगुती निवासात जेवण हवं असेल तर माणशी किती आणि मासळी की शाकाहारी, हे आदल्या दिवशीच कळवावं लागतं. संध्याकाळी हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव बघा, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठा किल्ल्यांपैकी तो एक.

बोट ठरवणं

ही बोलणी आदल्या संध्याकाळी करा, सकाळी गर्दीत जमत नाहीत. सुट्टे पैसे जवळ ठेवा. भाव माणशी आहे की बोटीचा, किती वेळाचा आणि बोटीत एकूण किती माणसं बसवणार, हे आधी स्पष्ट करून घ्या. सव्वा-दीड तासाची फेरी मागा. अर्ध्या तासात तांडेलला (बोट हाकणाऱ्याला) प्राणी शोधण्याऐवजी फेरी उरकण्याचीच घाई असते. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता लिहिलेली हवी. क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त असेल तर उतरा.

लाइफ जॅकेट नुसतं गळ्यात अडकवू नका. तिन्ही बकलं लावा आणि दोन्ही खांद्यांवर धरून वर ओढून बघा. ते कानापर्यंत सरकत असेल तर पाण्यात ते तुमच्या डोक्यावरून निघून जाणार. पट्टे आवळा. मुलांसाठी मुलांच्या मापाचंच मागा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर ते घातलंय एवढंच समाधान.

आता सगळ्यात महत्त्वाचं बोलणं. बसण्याआधी तांडेलला शांतपणे सांगा: ‘दादा, डॉल्फिन दिसले की पाठलाग नको. लांब उभी करा, आम्ही थांबतो. नाही दिसले तरी ठरलेले पैसे देतो.’ शेवटचं वाक्य फार काम करतं. गिऱ्हाईक नाराज होईल, पैसे कापेल, या धास्तीनेच बरेच बोटवाले इंजिन ताणून कळपाच्या डोक्यावर जातात. ती धास्ती काढून घेतली की तोच माणूस सुरेख बोट हाकतो, कारण हे पाणी त्याच्याइतकं कुणाला माहीत नाही.

योग्य पद्धत अशी. कळप दिसला की वेग कमी करायचा आणि साधारण पन्नास मीटरवर थांबायचं. ते जात असतील त्याच दिशेला, बाजूने, समांतर जायचं. समोरून आडवं घालायचं नाही, मागून रेटायचं नाही, दोन बोटींनी मिळून मध्ये कोंडायचं तर मुळीच नाही. इंजिन सारखं चालू-बंद करू नका, मंद ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी निघा. अशा वेळी बरेचदा तेच कुतूहलाने जवळ येतात.

त्रास होतोय हे ओळखता येतं. श्वासांमधलं अंतर वाढतं, कळप एकदम दिशा बदलतो, शेपटी पाण्यावर आपटली जाते, पिल्लांना मध्ये घेऊन मोठे बाहेरून गोळा होतात. यातलं एक जरी दिसलं तरी बोट मागे घ्यायला सांगा. डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवर मासळी शोधतात, इंजिनाच्या गोंगाटात त्यांना ती सापडत नाही आणि दूध पाजणाऱ्या आईची उपासमार होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी आहे, वाघाच्या बरोबरीने. वाघामागे जीप पळवणाऱ्याला आपण जे बोलू तेच इथेही बोलायला हवं.

बोटीच्या सकाळी मिसळ, वडा, दूध टाळा. अर्धी भाकरी किंवा चार बिस्किटं, आलेपाकाची एक वडी खिशात. अगदी रिकाम्या पोटीही जाऊ नका, मळमळ वाढते. बोटीच्या मधोमध बसा, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. इंजिनाच्या धुरापासून लांब राहा. पोटात ढवळायला लागलं की मोबाइल खाली ठेवून क्षितिजाकडे बघा. गुडघाभर पाण्यातून चढावं लागतं, म्हणून पँट आखूड आणि चपला पट्ट्याच्या हव्यात. मोबाइल प्लास्टिकच्या बंद पाकिटात.

फोटोसाठी शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान आणि एका दाबात अनेक फोटो. पहिला श्वास बघून घ्या, दुसऱ्याला तयार राहा. साध्या मोबाइलने डॉल्फिन ठिपक्याएवढा येतो. तेव्हा डोळ्यांनीच बघितलेलं बरं.

बरोबर भडंग नेलं असेल तर ते तुम्हीच खा. कुरवांना फरसाण, भडंग, वेफर्स फेकायची फार वाईट सवय सगळीकडे लागली आहे. तेल-मिठाच्या त्या खाण्याने हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्यांचं नुकसानच होतं.

कासवं

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना दिसू शकतात. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये वाळूत शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि पिल्लं पंचेचाळीस ते साठ दिवसांनी बाहेर येतात. गुहागर, आंजर्ले आणि मंडणगड तालुक्यातलं वेळास ही ठिकाणं त्यासाठी ओळखली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला २००२ मध्ये हे काम सुरू केलं. २०२३ मध्ये गुहागरला उपग्रह टॅग लावलेली ‘बागेश्री’ ही मादी श्रीलंकेपर्यंत पोहत गेली. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, पण रोज घरट्यातून पिल्लं निघतीलच असं नाही. मुक्काम ठरवण्याआधी गावात फोन करून विचारा. दोरीच्या आत जाऊ नका, पिल्लाला हात लावू नका, फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा. उजेडाने पिल्लं समुद्राऐवजी उलट्या दिशेला चालायला लागतात.

याच कारणाने गाडी वाळूवर नेऊ नका. चाकांखाली घरटी चिरडतात. आणि ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू भरती येताच मऊ पडते, चाकं रुततात, पाणी बोनेटपर्यंत चढतं. कर्दे-लाडघरच्या सपाट किनाऱ्यांवर हा मोह जास्त होतो.

किनाऱ्यावर आलेला प्राणी

डॉल्फिन किंवा देवमासा वाळूवर पडलेला दिसला, जिवंत असो वा मेलेला, तर वन विभागाच्या १९२६ किंवा आपत्कालीन मदतीच्या ११२ या क्रमांकावर लगेच कळवा. जिवंत असेल तर अंगावर ओलं फडकं टाकून कातडी ओली ठेवा, पण डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मोकळं सोडा आणि त्यात पाणी जाऊ देऊ नका. शेपटीला किंवा परांना धरून ओढू नका, सांधे निखळतात. गर्दी आणि कुत्री लांब ठेवा. आपल्या बळावर त्याला समुद्रात ढकलू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला आलेल्या देवमाशाच्या पिल्लाला खूप प्रयत्नांनी समुद्रात सोडलं, ते पुन्हा किनाऱ्याला लागलं आणि मेलं. मुळात आजारी किंवा आईपासून तुटलेला प्राणीच बहुधा किनाऱ्यावर येतो, त्यामुळे पुढचा निर्णय जाणकारांचा. आणि कुणी ‘देवमाशाची उलटी’ (अंबरग्रीस) दाखवून सौदा करायला आला तर दूर राहा, तिची खरेदी-विक्रीच काय, ती जवळ बाळगणंही गुन्हा आहे.

परतीला सांगली-कऱ्हाडकरांनी दापोली-खेड-चिपळूण करून पुन्हा कुंभार्लीच चढावा. सातारकरांना खेड, पोलादपूर आणि आंबेनळी घाटातून महाबळेश्वरमार्गे जाता येतं, पण रविवारी दुपारनंतर महाबळेश्वरात गाड्यांच्या रांगा लागतात. बोट आटोपून दहापर्यंत मुरुड सोडलं तरच तो रस्ता धरा, नाहीतर कुंभार्ली बरा.